खाऊ आणि मोबदला

संध्याकाळी घराचे दार उघडावे, वडिलांच्या हातातील पिशवीकडे मुलांनी धाव घ्यावी आणि भाजीच्या जुड्यांखाली कागदाच्या पुडीत बांधलेले चार पेढे किंवा मूठभर फुटाणे त्यांना सापडावेत, हे दृश्य आपल्याकडे घरोघरी परिचयाचे आहे. मराठीत या पुडीला एक खास शब्द आहे : खाऊ. हा शब्द ‘खाणे’ या क्रियापदावरून आला असला तरी त्याचा अर्थ खाण्यापुरता राहिलेला नाही. निरोप घेताना पाहुणा मुलाच्या हातावर नोट ठेवतो, तीही ‘खाऊला’ म्हणूनच ठेवतो. मग त्या पैशांतून मुलाने पतंग घेतला तरी कोणी हरकत घेत नाही. जेवण हा खाऊ नव्हे, कारण ते मुलाला मिळालेच पाहिजे. बक्षीस हाही खाऊ नव्हे, कारण ते मुलाने मिळवलेले असते. जे आपण मुलाचे देणे लागत नाही आणि ज्यासाठी मुलाने काहीही केलेले नाही, असे लहानसे गोड काहीतरी म्हणजे खाऊ.

इतका सोपा शब्द रोज तोंडात असताना त्याचा अर्थ मी गेल्या वर्षी विसरलो, आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने मला त्याची आठवण करून दिली. ती हकीकत प्रथम सांगतो, कारण हा लेख लिहिण्याचे कारण तीच आहे.

रंगपेटीची हकीकत

आमच्या मुलीला चित्रे काढण्याचा नाद आहे. जुन्या वह्यांची कोरी पाने, माझ्या अनुवादाच्या कच्च्या कागदांची पाठ, दुकानातून आलेले पुठ्ठे, काहीही तिला चालते. एके दिवशी कार्यालयातून परतताना एका दुकानाच्या काचेमागे बारा वड्यांची रंगपेटी दिसली. किंमत फार नव्हती. मी ती घेतली आणि घरी येऊन तिच्या हातात दिली. वाढदिवस नव्हता, सण नव्हता, परीक्षेचा निकालही लागलेला नव्हता. तिने आश्चर्याने विचारले, “कशासाठी, बाबा?” मी म्हणालो, “उगीच.” तिला या उत्तराचे इतके अप्रूप वाटले, की झाकणाच्या आतल्या बाजूस तिने पेन्सिलीने ‘उगीच पेटी’ असे नाव लिहून ठेवले.

पुढे तीन महिन्यांनी सहामाही परीक्षेचा निकाल आला. गणितात गुण फारच थोडे होते. त्या दिवशी मी थकून आलो होतो. पण थकवा ही काही सबब होऊ शकत नाही. गुणपत्रिका पाहताच मी बोलून गेलो, “एवढी रंगपेटी आणून दिली, ती यासाठी का? मग तुला वस्तू आणून द्यायच्या तरी कशाला?”

ती काही बोलली नाही. जेवली, पुस्तके आवरली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मेजावर, अनुवादाच्या कागदांवर, रंगपेटी ठेवलेली होती. बाराही वड्या ओल्या फडक्याने पुसून स्वच्छ केल्या होत्या. ब्रश धुऊन वाळवलेला होता. मी झाकण उघडले. आतले ‘उगीच पेटी’ हे शब्द खोडरबराने पुसून टाकलेले होते.

मुलीने रुसून पेटी फेकली असती, तर माझी समजूत निघाली असती, की पोर हट्टी आहे. तिने तसे काही केले नव्हते. तिने वस्तू होती तशी परत केली होती. माझ्या एका वाक्याने भेटीचे कर्ज झाले, आणि गुणांच्या रूपाने ते फेडता येत नाही असे पाहून तिने मुद्दल परत केले. मी तिला समजावले, चूक कबूल केली आणि पेटी घेऊन जाण्यास सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “नको बाबा. पुढच्या वेळी मार्क मिळाले की घेईन.”

ऐकणाऱ्याला हे बोलणे शहाण्या मुलीचे वाटेल. मला मात्र ते चटका लावून गेले. जी वस्तू तिला उगीच मिळाली होती, ती आता कमवावी लागते असे तिने धरले होते. आणि तसे धरण्यास मीच तिला शिकवले होते.

आजोबांचे फुटाणे

त्या दिवशी मला माझ्या आजोबांची आठवण झाली. गावी आठवड्याच्या बाजारातून परतल्यावर ते ओट्यावर बसत, कोटाच्या खिशात हात घालत आणि आम्हा नातवंडांना एकेक मूठ फुटाणे देत. त्या वेळी शेजारचे एखादे मूल अंगणात असेल तर त्यालाही तितकेच मिळत. आजोबा रागीट होते. एका बाजाराच्या दिवशी दुपारी मी खेळताना कंदिलाची काच फोडली, तेव्हा त्यांनी मला सर्वांसमक्ष खरपूस समाचार घेऊन कोपऱ्यात बसवले. संध्याकाळी ते बाजारातून आले. आज आपल्याला काही मिळणार नाही, या खात्रीने मी पुढे गेलोच नाही. त्यांनी हाक मारली, माझ्या ओंजळीत इतरांइतकीच मूठ ओतली आणि काचेविषयी एक अक्षरही काढले नाही.

त्यांच्या लेखी काचेचा हिशेब काचेपाशी संपला होता. फुटाण्यांचा हिशेब तर कधी मांडलाच नव्हता. आम्हां भावंडांत कोण हुशार, कोण आज्ञाधारक, कोण खोडकर, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरी मूठ सर्वांना सारखीच होती. फुटाण्यांची चव आता आठवत नाही. काच फोडलेल्या दिवशीही आपण या घरचेच आहोत, ही त्या संध्याकाळी मिळालेली खात्री मात्र अजून आठवते. मूठभर फुटाण्यांनी ते केले होते. माझ्या बारा वड्यांनी याच्या नेमके उलट केले.

बक्षीस, आमिष आणि खाऊ

येथे कोणी म्हणेल, की मुलांना बक्षिसे देऊच नयेत काय? तसे मुळीच नाही. शर्यतीत पहिल्या आलेल्या मुलाला पदक द्यावे, परिश्रमाचे कौतुक करावे. त्याने उमेद वाढते. पण बक्षीस निराळे, आमिष निराळे आणि खाऊ निराळा, हे देणाऱ्याच्या मनात स्पष्ट असले पाहिजे. काम झाल्यानंतर त्याचा गौरव म्हणून दिले जाते ते बक्षीस. काम होण्यापूर्वी ‘हे केलेस तर ते देईन’ असे सांगून दाखवले जाते ते आमिष. आणि कामाशी ज्याचा संबंधच नाही, तो खाऊ. आपली चूक अशी होते, की एका नावाने दिलेल्या वस्तूची आपण पुढे दुसऱ्या नावाने वसुली करतो.

आमिषाचा परिणाम काय होतो, हे मानसशास्त्रज्ञांनी पडताळून पाहिले आहे. योगायोगाने त्याच सुमारास बालमानसशास्त्रावरील एक मजकूर अनुवादासाठी माझ्याकडे आला आणि त्यात एका प्रसिद्ध प्रयोगाची माहिती होती. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट या तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातील बालवाडीत, रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची ज्यांना मुळातच गोडी आहे, अशी तीन ते पाच वर्षांची ५१ मुले त्यांनी निवडली व त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितले, की चित्र काढाल तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काहीच सांगितले नाही; चित्र काढून झाल्यावर मात्र तेच प्रशस्तिपत्र अकस्मात त्यांच्या हाती ठेवले. तिसऱ्या गटाला काही सांगितले नाही व काही दिलेही नाही.

त्यानंतर एकदोन आठवड्यांनी तीच पेने वर्गात नुसती मांडून ठेवण्यात आली आणि कोणते मूल आपण होऊन किती वेळ चित्रे काढते, याची नोंद केली गेली. ज्यांना काही मिळाले नव्हते, त्या मुलांनी मोकळ्या वेळापैकी सुमारे १७ टक्के वेळ चित्रांना दिला. ज्यांना अचानक भेट मिळाली होती, त्यांनी सुमारे १८ टक्के दिला. पण ज्यांना आधी आमिष दाखवले होते, त्यांनी जेमतेम ९ टक्के वेळ दिला. शिवाय आमिषापोटी काढलेली चित्रे इतरांच्या चित्रांपेक्षा दर्जाने उणी ठरली होती. आवडीच्या खेळाला मजुरी लावताच खेळाचे काम झाले. आणि मजुरी नाही म्हटल्यावर कामाची गोडीही उरली नाही.

या प्रयोगातील दुसऱ्या गटाकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. वस्तू तीच होती, तारा तोच होता, फीतही तीच होती. तिने मुलांच्या आवडीला धक्का लावला नाही, कारण तिच्यामागे कोणताही करार नव्हता. मी रंगपेटी आणली तेव्हा माझी मुलगी या दुसऱ्या गटात होती. तीन महिन्यांनी मी तिला पहिल्या गटात ढकलले.

आणखी एक प्रयोग २००८ साली फेलिक्स वार्नेकेन व मायकेल टोमासेलो या संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यातील मुले अवघी वीस महिन्यांची होती. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू खाली पडली आणि त्याला ती घेता येत नाही असे दिसले, की ही तान्ही मुले स्वतः होऊन ती उचलून देत. काही मुलांना प्रत्येक मदतीबद्दल एक वस्तू देण्यात आली. पुढे ती वस्तू बंद केल्यावर, ज्यांना कधीच काही मिळाले नव्हते त्यांच्यापेक्षा या मुलांचा मदतीचा हात कमी वेळा पुढे आला. देण्याची वृत्ती मुलांत बोलू लागण्यापूर्वीच असते. मोल लावण्याची सवय आपण लावतो.

परतफेड पुढे जाते

मग मुलांनी कृतज्ञता शिकावी तरी कशी, असा प्रश्न उरतो. याचे उत्तर आपल्या देशातील तीन थोर लेखकांनी आपल्या साहित्यातून दिले आहे.

रवींद्रनाथ ठाकुरांची ‘काबुलीवाला’ ही कथा १८९२ सालची. कलकत्त्याच्या रस्त्यांवर सुका मेवा विकणारा रहमत पाच वर्षांच्या मिनीला बेदाणे, बदाम, पिस्ते देतो. तिचे वडील त्याच्या हातावर अधेली ठेवतात. तो ती खिशात टाकतो. पण थोड्याच वेळाने तीच अधेली मिनीच्या हातात तिच्या आईला सापडते. कथेचा निवेदक गमतीने म्हणतो, की रहमतने मेव्याची लाच देऊन मुलीचे मन जिंकले. वाचकाला मात्र हळूहळू उमगते, की ही लाच नव्हती. कित्येक वर्षांनी, मिनीच्या लग्नाच्या दिवशी, रहमत पुन्हा मेवा घेऊन येतो. वडील पैसे देऊ लागतात, तेव्हा तो घेत नाही आणि छातीशी जपलेला एक मळका कागद काढून दाखवतो. त्यावर त्याच्या दूर देशी राहिलेल्या मुलीच्या पंजाचा काजळी ठसा असतो. मिनी तर आता त्याला नीट ओळखतही नाही. तिच्याकडून रहमतला काय मिळाले? हिशेबाच्या वहीत लिहिता येईल असे काहीच नाही. तरी त्याने दिलेले बेदाणे व्यर्थ गेले, असे ती कथा वाचून कोणी म्हणणार नाही.

प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या १९३३ सालच्या कथेतील हामिद चारपाच वर्षांचा पोरका मुलगा आहे. ईदच्या जत्रेसाठी त्याची गरीब आजी अमीना त्याला तीन पैसे देते. बरोबरीची मुले खेळणी आणि मिठाई घेतात. हामिद मात्र लोखंडी चिमटा घेतो, कारण पोळ्या भाजताना आजीची बोटे भाजतात, हे त्याला आठवते. आजीने पैसे देताना चिमट्याची अपेक्षा केली नव्हती. उलट मुलाने काही खाल्ले नाही म्हणून ती प्रथम रागावतेच. अपेक्षा नव्हती म्हणूनच त्या चिमट्याला एवढे मोल आले. आजीने तो मागवला असता, तर हामिदने केलेली ती एक बाजारातली खेप ठरली असती.

तिसरे उदाहरण मराठी घरांत सर्वांच्या ओळखीचे आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात शाळेसाठी घराबाहेर राहणारा श्याम खाऊसाठी मिळालेले पैसे खर्च न करता साठवतो आणि धाकट्या भावाला कोट शिवून नेतो. खाऊ देणाऱ्याला त्यातून काही परत मिळाले नाही. मिळाले ते भावाला.

या तिन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसते. निरपेक्षपणे दिलेल्या वस्तूची परतफेड मागे वळत नाही. ती पुढे जाते. कधी ती अशा दिशेला जाते, की देणाऱ्याला दिसतही नाही. तिची वाट पाहत दाराशी उभे राहिले, तर ती येत नाही.

सणांनी सांभाळलेली रीत

आमची वसाहत दिल्लीतील सरकारी नोकरांची असल्याने निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे एका जिन्याने वरखाली करतात. त्यामुळे मुलांना उगीच काहीतरी देण्याची रीत देशभर कशी सांभाळली गेली आहे, हे घरबसल्या पाहायला मिळते. तळमजल्यावरच्या मल्याळी घरी एप्रिलच्या मध्यास विषूच्या पहाटे घरातील वडील माणसे धाकट्यांच्या हातावर नाणी ठेवतात. त्याला ‘विषुक्कैनीट्टम’ म्हणतात. समोरच्या जिन्यातील मुस्लिम कुटुंबात ईदच्या नमाजानंतर मुले मोठ्यांना सलाम करून ‘ईदी’ घेतात, आणि त्या दिवशी आमच्या मुलीलाही ती मिळते. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ उत्तराखंडचे. त्यांच्याकडून मला ‘फूलदेई’ची ओळख झाली. चैत्राच्या आरंभी डोंगरातली मुले पहाटे रानफुले वेचतात, गावातील प्रत्येक उंबरठ्यावर ती वाहतात आणि घरोघरी त्यांना गूळ, तांदूळ व नाणी मिळतात. कोणाचे मूल कोणाच्या दारात आले, हे तेथे पाहायचे नसते.

आमच्या घरचे म्हणून मी त्यांना बोरन्हाण सांगितले. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत लहान मुलाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात. त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा ओततात, आणि शेजारपाजारची मुले त्यावर झडप घालून आपापले खिसे भरतात. पाहुण्या बायका कौतुकाने पाहत असतात. कोणते बोर कोणाच्या वाट्याला गेले, याची नोंद कोणी ठेवत नाही, ठेवूच शकत नाही. जमिनीवर सांडलेल्या खाऊचे उपकार कोणाचे मानणार? एरवी हिशेबी असलेल्या आपल्या समाजाने वर्षातून एक दिवस तरी हिशेब अशक्य करून ठेवला, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

दानाच्या विचारातही हेच सूत्र आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही, अशा माणसाला, देणे हे कर्तव्य आहे एवढ्याच भावनेने, योग्य स्थळी व योग्य वेळी दिलेले दान सात्त्विक. मोबदल्यासाठी, फळावर दृष्टी ठेवून किंवा मनात कुरकुरत दिलेले दान राजस. अपात्री, अवेळी, तुच्छतेने दिलेले ते तामस. आपण ही वचने देवळातील किंवा सार्वजनिक कार्यातील दानाला लावतो. फुटाण्यांना लावण्याचे आपल्याला सुचत नाही. वास्तविक लहान मुलाइतका परतफेड करण्यास असमर्थ याचक दुसरा कोण असेल? आणि तरीही पुष्कळ आईबाप याच याचकाकडून सर्वांत मोठ्या परतफेडीची आशा धरून असतात. ‘आम्ही तुझ्यासाठी काय केले नाही?’ हे वाक्य ज्या घरात वीस वर्षांनी उच्चारले जाते, त्या घरात त्याची तालीम रंगपेटीपासून झालेली असते. म्हणून लहान भेटी महत्त्वाच्या. मूठभर फुटाणे देऊन विसरायला जो शिकला, त्यालाच पुढे शिक्षण, घर, आयुष्याची वर्षे देऊन विसरणे थोडेफार जमेल.

काही व्यवहाराच्या गोष्टी

भेट लहान असावी. महाग वस्तू देणाऱ्याला विसरता येत नाही आणि घेणाऱ्यालाही विसरू देत नाही. एक गुळगुळीत गोटा, मोराचे पीस, खडूंची पेटी, सावंतवाडीचे लाकडी फळ, कर्नाटकातील चन्नपट्टणचा लाखेच्या रंगाचा भोवरा, यांतले काहीही चालेल. पुस्तकासारखी तर दुसरी भेट नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ या मालेतील सचित्र पुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांत अल्प किमतीत मिळतात. पुस्तक दिल्यावर मात्र ‘वाचलेस का?’ असे चार दिवसांनी विचारू नये. वाचायचे असेल तेव्हा मूल वाचील.

भेट देताना ‘शहाण्या मुलाला’, ‘पहिल्या आलेल्या मुलीला’ अशी विशेषणे जोडू नयेत. विशेषण जोडले की खाऊचे बक्षीस होते. नियमाने रोज देऊ नये, नाहीतर तो हक्क होतो. भावंडे असतील तर एकाला देऊन दुसऱ्याला वगळू नये. निकालाचा दिवस असेल, तर निकाल पाहण्यापूर्वी द्यावे.

आणखी एक सवय आपण सोडली पाहिजे. पाहुण्याने काही दिले, की मुलाला आपण पुढे ढकलतो : ‘काकांना पापा दे’, ‘मावशीच्या मांडीवर बस’. मुलाने तोंडाने आभार मानावेत, हे सभ्यतेचे आहे आणि ते आपल्याला पाहूनच मूल शिकते. पण शरीराचा लाड हा वस्तूचा मोबदला म्हणून मागू नये. वस्तू घेतली म्हणजे देणाऱ्याचे सर्व ऐकावे लागते, असे मुलाने शिकणे धोक्याचे आहे. आपल्या घरात मुलांना एवढे सांगून ठेवावे, की जी भेट गुपचूप दिली जाते आणि ‘घरी सांगू नकोस’ असे जिच्याबरोबर बजावले जाते, ती भेट नव्हे. ती लगेच आईला किंवा बाबांना सांगावी. निरपेक्ष देणे नेहमी उघड्यावरचे असते. म्हणून दुसऱ्याच्या मुलाला काही देताना आपणही त्याच्या आईवडिलांना विचारून, त्यांच्या देखत द्यावे.

लहानग्यांच्या बाबतीत जपायचे ते वेगळेच. चार वर्षांखालील मुलांच्या हाती फुटाणे, शेंगदाणे, कठीण गोळ्या, अखखी द्राक्षे देऊ नयेत. ती घशात अडकण्याचा धोका असतो. सुटणारे बारीक भाग असलेली खेळणीही त्यांच्यापासून दूर ठेवावीत.

पेटी अजून मेजावर आहे

आता रंगपेटीचे पुढे काय झाले, ते सांगून हा लेख संपवतो. मी ती मेजाच्या कडेला ठेवली आणि ‘घे’ असे पुन्हा कधी म्हटले नाही. भेट घेण्याचा आग्रह हाही एक प्रकारचा तगादाच असतो, एवढे मला कळून चुकले होते. आमच्या भागात आठवड्याचा बाजार भरतो. तेथून मी फुटाण्यांची पुडी आणू लागलो. ज्या दिवशी आमचे भांडण झाले, त्या दिवशीही आणली. ज्या दिवशी तिने गणिताची वही लपवून ठेवली आणि माझे बोलणे खाल्ले, त्या दिवशीही आणली. पहिले काही आठवडे ती पुडी हातात घेऊन माझ्या तोंडाकडे पाहत असे, जणू यापुढचे वाक्य काय येते याची वाट पाहत आहे. वाक्य येत नाही असे पाहून हळूहळू तिने पाहणे सोडले. आता ती पुडी सरळ पिशवीतून काढून घेते, आणि मला विचारल्यावाचून जिन्यातील मुलांत वाटते.

गेल्या महिन्यात एका रात्री अनुवादाला बसलो असताना पेटी थोडी सरकलेली दिसली. मी झाकण उघडले. अकरा वड्या कोरड्या होत्या. निळी वडी मात्र ओली होती, आणि ब्रशाच्या टोकाला थोडा रंग राहिला होता. झाकणाच्या आत पुसलेल्या अक्षरांचे पुसट वण तसेच आहेत. नाव अजून पुन्हा लिहिलेले नाही.

मी झाकण लावले आणि पेटी होती तेथेच ठेवली. सकाळी तिला काही विचारले नाही.